काचेवरचं शेवाळ आणि सातपुड्यातला मल्या

अमरावती असो की अकोला, फिश टँकच्या दुकानात जाऊन "काचेवर शेवाळ येतंय हो" एवढंच म्हणा. पुढचं वाक्य ठरलेलं आहे. "सकर टाका एक, तो साफ करते सगळं." मग दोन-तीन इंचांचा, काळपट, ठिपकेदार, काचेला तोंड चिकटवून बसलेला एक जीव जाळीनं उचलून पाण्याच्या पिशवीत टाकला जातो, पिशवीला रबर लागतं, आणि शेवाळाचा प्रश्न सुटला असं दोन्ही पक्षांना वाटतं.

गेले काही वीकांत मी या एका वाक्याच्या मागे लागलो होतो. शेवाळ साफ करायला मासा पाळायचा ही कल्पना मुळात आली कुठून? आणि त्यासाठी दक्षिण अमेरिकेतलाच मासा का? शोधत गेलो तर लंडनहून निघालेला रस्ता वळणं घेत घेत थेट आमच्या मेळघाटात येऊन पोचला. म्हणून हा लेखनप्रपंच. ज्यांच्या घरी टँक नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण निम्मा लेख नद्यांबद्दलच आहे.

तर सुरुवात लंडनमध्ये, १८४९ साली. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं सुमारे १२ गॅलनचं, म्हणजे आपल्या हिशोबानं ५५ लिटरच्या आसपासचं भांडं घेतलं, तळाला वाळू आणि माती घातली, व्हॅलिस्नेरिया नावाची पट्ट्यांसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. त्याला बघायचं होतं की पाणी न बदलता हे चालतं का. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पती घेईल, वनस्पतीनं सोडलेला प्राणवायू मासे घेतील, आणि गाडी आपली आपण चालत राहील. कागदावर डिझाइन एकदम स्वच्छ.

प्रत्यक्षात थोड्याच दिवसांत जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं आणि सगळीकडे हिरवा बुळबुळीत थर धरला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. दोन मॉड्यूल एकमेकांशी व्यवस्थित बोलतायत, पण कचरा गोळा करायची जबाबदारी कुणाकडेच दिलेली नाही! वॉरिंग्टननं मग तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून आत टाकल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, हिरवा थर खाल्ला, पाणी स्वच्छ झालं, आणि वर त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. हे सगळं त्यानं १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासातला नोंदवलेला पहिला सफाई कामगार मासा नव्हता, गोगलगाय होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवायचं वेडच लागलं. काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झालेला असल्यामुळे पेटी परवडतही होती. वेड पसरलं, तसे दूरदूरचे मासे बाजारात यायला लागले.

दुकानातला सकर हा त्यातलाच एक. शास्त्रज्ञांना तो, म्हणजे त्याचं घराणं, फार आधीपासून माहीत होतं. लिनियसनं १७५८ मध्येच या घराण्यातल्या एका माशाला नाव दिलं होतं. पण अंगावरची चिलखतासारखी खवलं बघून त्यानं त्याला चक्क स्टर्जन माशांच्या गटात टाकलं. आहे तो मार्जारमासा, म्हणजे आपल्या शिंगाळ्या-मागूरच्या मोठ्या कुळातला. ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यात दगडांना आणि बुडालेल्या लाकडांना चिकटून तो थर खरवडून खातो. आज आपल्याकडे विकला जाणारा बहुतेक 'सकर' हा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीतला असतो, आणि तो शेतीवर वाढवलेला असतो. अंडी भरपूर, पिल्लं चिवट, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो, पिशवीतला लांबचा प्रवास सोसतो. दुकानदाराला आणखी काय पाहिजे? कोलकाता किंवा चेन्नईच्या घाऊक बाजारातून निघालेला मासा रेल्वेनं वऱ्हाडात जिवंत पोचतो हेच त्याचं सगळ्यात मोठं क्वालिफिकेशन आहे. तुमचं शेवाळ तो किती खातो हा दुय्यम प्रश्न.

दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी की हा मासा ४० ते ५० सेंटीमीटर वाढतो. आपल्या घरातला टँक दोन फुटी. पिल्लू असताना तो मन लावून काच चाटतो. मोठा झाला की वर टाकलेल्या खाद्याच्या गोळ्यांची वाट बघत पडून राहतो. शिवाय खातो तसा घाणही भरपूर करतो. त्या घाणीतून नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात जातात आणि ते शेवाळाचं आवडतं खत आहे. म्हणजे असा गार्बेज कलेक्टर, जो स्वतःच मेमरी लीक करतो.

अकोल्याला माझ्या मावशीकडे नेमकं हेच झालं. तिच्याकडचा सकर तीन वर्षांत फुटभर झाला. टँकमध्ये तो वळताना झाडं उपटून यायची. दिवाळीत गेलो तेव्हा मावसाजी म्हणाले, "मोठा झाला ना बावा तो. आता मोर्णेत सोडून देतो. जीव हाये, मराले नको पाह्यजे."

"मावसाजी, मोर्णेत नका सोडू."

"कावून? नदी त माशाचीच असते नं!"

यावर पटकन उत्तर देणं सोपं नाही, कारण त्यांची भावना चांगलीच आहे. आपल्याकडे जीव सोडणं हे पुण्याचं काम. पण हा जीव साधा नाही. गिळलेल्या हवेवर भागवून तो पाण्याबाहेरही कित्येक तास जगतो. नदीकाठात बिळं करून अंडी घालतो, त्यानं काठ ढासळतात. पाठीवर आणि बाजूला टणक काटे असल्यामुळे मासेमारांची जाळी फाटतात, आणि हातात आलेला मासा कुणी विकत घेत नाही. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणावर तिलापिया पकडून जगणाऱ्या मासेमारांचा धंदा या एका पाहुण्यानं बसवला. आपल्याकडे पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत, केरळमधल्या पाण्यांत, आंध्र-तेलंगणात तो आता स्वतःचं घर असल्यासारखा राहतोय. हे मासे पोहून ॲमेझॉनमधून आले नाहीत. कुणाच्या तरी दोन फुटी टँकमध्ये मावले नाहीत, एवढीच त्यांची प्रवासकथा.

मोर्णा पूर्णेला मिळते. अमरावतीतला अंबा नाला पेढीला, पेढी पूर्णेला आणि पूर्णा पुढे तापीला. अमरावती शहर तर अशा जागी बसलंय की पूर्वेकडचं पाणी वर्धा नदीतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला जातं, पश्चिमेकडचं तापीतून अरबी समुद्राला. एका शहरातून दोन समुद्रांकडे दारं उघडी. मावसाजींना मी वहीच्या पानावर हा नकाशा काढून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मंग दुकानवाल्यालेच परत देऊ." आणि दिलाही. त्याच्याकडे मोठी हौदवजा टाकी होती.

'पाणी साफ करायला बाहेरचा मासा आणू' ही कल्पना केवळ हौशी लोकांची नाही बरं का. सरकारी पातळीवरही ती राबवली गेली आहे. १९५९ मध्ये गवत्या आणि चंदेरी हे दोन चिनी कार्प मासे परदेशातून कटकच्या मत्स्यसंशोधन केंद्रात आणले गेले. गवत्या पाणवनस्पती खातो, चंदेरी पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. तळ्यातल्या मत्स्यशेतीला त्यांचा फायदा झाला हे खरंच आहे, त्यामुळे मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण १९७१ मध्ये भाक्राच्या गोविंदसागर जलाशयात चंदेरी मासा अपघातानं शिरला, आणि पुढच्या काळात तो इतका वाढला की तिथला कटला मागे पडला. ठरवून आणलेला मासासुद्धा कुंपण ओलांडतो. मग पिशवीतून सोडलेल्याचं काय बोलणार!

असो. आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. शेवाळ खाणारा मासा दक्षिण अमेरिकेतूनच का? आपल्याकडे नाहीत का?

आहेत, आणि त्यातल्या एकाचं तर शास्त्रीय नावच मराठी आहे!

वॉरिंग्टनच्या प्रयोगाच्या दहा वर्षं आधीची गोष्ट. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये त्याला दख्खनचा सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून नेमलं आणि १८३१ पर्यंत तो हेच काम करत हिंडला. पिकं, माणसं, पाऊस, पक्षी, जे दिसेल ते मोजायचं आणि लिहायचं. (आजच्या भाषेत डेटा इंजिनिअर. पुढे तो लंडनच्या सांख्यिकी संस्थेचा अध्यक्षही झाला.) भीमेच्या खोऱ्यातले मासे त्यानं गोळा केले आणि नवीन जातींना नावं देताना कोळी-भोई लोक जे म्हणायचे तेच रोमन लिपीत उतरवून पुढे ठेवलं. म्हणून शिंगटी हे एका माशाचं लॅटिन नाव झालं, खुद्री हे महासीरचं झालं, आणि दगडाला चिकटून राहणाऱ्या एका छोट्या माशाचं नाव झालं मल्या. आजही जगभरातले शास्त्रज्ञ त्याला गारा मुल्या म्हणतात आणि पुढे साइक्स, १८३९ असं लिहितात.

साहेबानं एखाद्या गव्हर्नरचं नाव चिकटवलं असतं तर कोण अडवणार होतं? त्यानं पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, हे मला फार आवडलं. साइक्स वऱ्हाडात मात्र आला नाही. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं, इंग्रजांच्या ताब्यात ते १८५३ मध्ये आलं. पण मल्याला राज्यांच्या सीमा माहीत नव्हत्या. कृष्णा, गोदावरी, तापी, सगळ्या खोऱ्यांतल्या दगडाळ ओढ्यांत तो आहे. हिंदी मुलखात त्याच्या भाऊबंदांना पत्थरचट्टा म्हणतात, म्हणजे दगड चाटणारा. यापेक्षा नेमकं जॉब डिस्क्रिप्शन मी वाचलेलं नाही.

मल्या दिसायला अगदी साधा. साधारण बोटभर, फार तर वीतभर, करडा-हिरवट. गंमत आहे ती खालच्या बाजूला. तोंड खाली, आणि खालच्या ओठामागे एक मांसल गोल चकती. वाहत्या पाण्यात ती चकती दगडावर टेकवून तो स्वतःला धरून ठेवतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडतो. आतडं लांबलचक गुंडाळलेलं, कारण झाडपाल्यातून पोषण काढायला वेळ लागतो. आता बघा, सकरलाही असंच चिकटणारं तोंड. पण सकर मार्जारमाशांच्या कुळातला, मल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. दोघांचा काही संबंध नाही. एकच इंटरफेस, दोन वेगवेगळ्या खंडांत स्वतंत्रपणे लिहिलेला कोड.

याच चकतीनं सुंदरलाल होरा या माणसाला वेड लावलं. होरा पंजाबातले, झूलॉजिकल सर्व्हेत लागले आणि १९२० मध्ये मणिपूरच्या डोंगरी ओढ्यांत मासे गोळा करायला गेले. १९२१ मध्ये त्यांनी भारतातल्या गारा माशांवर मोठा निबंध लिहिला, मग जोराच्या प्रवाहात राहणाऱ्या माशांच्या शरीरात काय काय बदल होतात यावर. पुढे ते त्या संस्थेचे संचालकही झाले. त्यांना एक कोडं छळत होतं. आसाम आणि पूर्व हिमालयातल्या ओढ्यांत राहणाऱ्या माशांचे जवळचे भाऊबंद सह्याद्रीत सापडतात, आणि मधल्या मोठ्या मैदानी पट्ट्यात मात्र नाहीत. हे मासे संथ, गढूळ, सपाट नदीत राहूच शकत नाहीत. मग ते दीड-दोन हजार किलोमीटर ओलांडून गेले कसे?

होरांचं उत्तर होतं, सातपुडा. त्यांचं म्हणणं असं की एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग आजच्यापेक्षा उंच आणि ओली होती, तिच्यावर बारमाही खळाळते ओढे होते, आणि गारोच्या टेकड्यांपासून राजमहालमार्गे सातपुड्यात आणि तिथून पश्चिमेला जाऊन सह्याद्रीत, असा या माशांनी पिढ्यान्पिढ्या, ओढ्यामागून ओढा प्रवास केला. सातपुड्यातले मासेही त्यांनी तपासले. होशंगाबाद जिल्ह्यातल्या माशांवर के. के. नायर यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९४१ चा आहे. १९४९ मध्ये या 'सातपुडा गृहीतका'वर एक परिसंवादच झाला. त्यात सालिम अलींनी पक्ष्यांच्या अंगानं हाच मार्ग तपासला.

नकाशावर ही रांग पश्चिमेकडे येताना गाविलगडच्या डोंगरांतून जाते. म्हणजे चिखलदरा, सेमाडोह, मेळघाट. आमच्या शाळेच्या सहली जायच्या तीच जागा! आम्हाला तिथे भीमकुंड, देवी पॉइंट आणि किल्ला दाखवला, १८०३ मध्ये वेलस्लीनं तो कसा घेतला ते सांगितलं. खालच्या ओढ्यातल्या माशावरून भारताच्या जीवभूगोलातला सगळ्यात गाजलेला वाद झाला हे कुणी बोललं नाही.

हो, वादच. कारण हे गृहीतक आज जसंच्या तसं मानलं जात नाही. सातपुडा एवढा उंच आणि ओला नेमका कधी होता, मधल्या खिंडींचं काय, असे प्रश्न आलेच. आणि खरा घाव मुळावर होता. सारखी दिसणारी चकती म्हणजे जवळचं नातं, हे कशावरून? सकर आणि मल्याचं उदाहरण वर दिलंच आहे. वाहत्या पाण्यात राहायचं तर असे अवयव पुन्हा पुन्हा वेगवेगळे तयार होऊ शकतात. प्रवीण कारंथ यांनी २००३ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हेच मांडलं की अशा गृहीतकांची परीक्षा दिसण्यावरून नको, वंशवृक्ष मांडून करा. डीएनएवरचं काम पुढे चालूच आहे, आणि सगळ्यांना एकच महामार्ग ही कल्पना आता टिकत नाही. मला तरी होरांचं काम यामुळे छोटं वाटत नाही. मायक्रोस्कोप, जाळं आणि नकाशा एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रश्न इतका नेमका विचारला की पुढच्या पिढ्यांना तो खोडायला का होईना, उत्तर शोधावंच लागलं.

"मग मल्याच आणून टँकमध्ये टाकू की!" हा विचार तुमच्या मनात आला असणार. टाकू नका. एक तर मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथून मासा उचलणं हा गुन्हा आहे. दुसरं, त्याला लागतं थंड, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी. अकोल्यात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, लोडशेडिंगमध्ये एअर पंप बंद पडतो. त्या टँकमध्ये तो दुपारदेखील काढणार नाही.

मग घ्यायचं काय? मासा निवडण्याआधी नळाखाली बादली धरा. अमरावतीला अप्पर वर्धाचं पाणी, अकोल्याला काटेपूर्णेचं. पण बऱ्याच घरांत टँक भरला जातो तो बोअरच्या पाण्यानं. आणि पूर्णेच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा आपल्याला माहीतच आहे, जिथे विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही. दुकानात ओटोसिन्क्लस नावाचा गोंडस, दीड इंची, खराखुरा शेवाळ खाणारा मासा मिळतो. तो बहुतेक वेळा जंगलातून पकडलेला असतो आणि त्याला मऊ, मुरलेलं पाणी लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात तो आठवड्याभरात मान टाकतो. 'अल्गी ईटर' या नावानं मिळणारा सोनेरी मासा हा थायलंड-कंबोडियाकडचा. त्याच्या कल्ल्यावर पाणी घ्यायला वेगळं छिद्र असतं, त्यामुळे तोंड चिकटलेलं असतानाही त्याचा श्वास चालू राहतो. इंजिनिअरिंग म्हणून लाजवाब, पण मोठा झाला की भांडखोर होतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खातो.

सकरच हवा असेल तर नाकावर मिशांसारखे कोंब असलेला ब्रिसलनोज मागा. तो १२-१५ सेंटीमीटरवर थांबतो आणि आपल्या पाण्याशी जुळवून घेतो. छोटे मासेच ठेवले असतील तर ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेली कोळंबी आहे, शेवाळ खाण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण उन्हाळा तिलाही सोसत नाही.

माझं स्वतःचं मत मात्र वॉरिंग्टनच्या बाजूनं आहे. नेराइट नावाच्या पट्टेरी गोगलगायी मिळतात. त्यांना कठीण पाणीच आवडतं, कारण शंखाला कॅल्शियम लागतं. ज्या पाण्यानं आपल्या बादल्यांवर पांढरे डाग पडतात, ते त्यांना पंचपक्वान्न. गोड्या पाण्यात त्या अंडी चिकटवतात, पण पिल्लं वाढत नाहीत, त्यांना मचूळ पाणी लागतं. म्हणजे टँकभर पिलावळ नाही, आणि चुकून नाल्यात गेल्या तरी तिथे वंश चालणं कठीण. मावशीच्या टँकमध्ये सध्या चार आहेत. सोबत दिव्याला टायमर लावून सात तासांवर आणला, आणि मावसाजींचं दिवसातून चार वेळा खाऊ टाकणं दोनवर आणलं. (हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.)

आणि मल्या बघायचाच असेल तर पावसाळा संपल्यावर मेळघाटात जा. रस्त्याकडेच्या एखाद्या ओढ्यात पाणी नितळ झालेलं असतं. वाकून शांत उभं राहिलं की शेवाळलेल्या दगडांवर बोटाएवढे फिकट पट्टे दिसतात. तिथून मल्या चरत गेलेला असतो. सावली पडली की तो दगडाखाली जातो, मग पाच-दहा मिनिटं वाट बघावी लागते.